सात नंबरच्या टाकीत

मोजणं एकतिसाला थांबलं.

मी टाकीच्या तोंडाशी स्टुलावर बसले होते, हातात दोरी धरून. आत रुक्मिण पालथी पडून शेवटचा जोड पुसत होती आणि दर पुसण्याला एक आकडा मोठ्यानं म्हणत होती. एकोणतीस, तीस, एकतीस. मग काही नाही. मला वाटलं, फडकं बदलत असेल. मी म्हणाले, "का गं, झोपलीस व्हय?"

उत्तर आलं नाही. आत जाणारी बाई चाकं लावलेल्या फळीवर पालथी पडून सरकत जाते आणि दोरी त्या फळीला बांधलेली असते. मी दोरी ओढली. हाताला हलकी लागली. फळी एकटीच बाहेर आली; शेवटचा जोड पुसायला ती फळीवरून उतरली होती.

टाकी तेरा फूट लांब. वाकून पाहिलं तर पार पलीकडच्या टोकाला रुक्मिणीचे तळवे दिसत होते, पांढऱ्या मोज्यांतले. हलत नव्हते.

त्या दिवशी खंडेनवमी होती आणि चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं बऱ्याच जणांनी ती उपासावर ढकलायचं बघितलं.

आता ही टाकी कसली आणि एक बाई तिच्यात पालथी पडून काय करत होती, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मी चौथी शिकलेली बाई. माहेर माकणीकडचं, घरात मेंढरं होती. नवरा लवकर गेला. नळदुर्गजवळ हायवेला लागून स्टीलच्या टाक्या करायचा कारखाना आहे, तिथं झाडलोट करायला लागले आणि झाडता झाडता टाक्या पुसायला शिकले. डेअरीला दुधाच्या टाक्या लागतात, साखर कारखान्याला रसाच्या. वेल्डिंग झालं की आतून घासून, पुसून आरशासारखी टाकी करून द्यायची. या कामाला बारीक अंगाची बाई लागते. गडी तोंडातच अडकतो. वीस वर्षांनी माझ्या हाताखाली पाच बाया होत्या आणि मालक शिवप्पा मला विचारल्याशिवाय टाकी गाडीवर चढवत नव्हते.

गिऱ्हाइकं एकेक यायची. एका खवेवाल्यानं नवी टाकी टेम्पोत घालून परत आणली. हिच्यात दूध फाटतं म्हणाला. पैसे परत द्या, नाहीतर हायवेवर आडवी टाकतो. मी टाकीत डोकं घालून हुंगलं. मग खालच्या तोटीचं रबर नखानं उपसून काढलं आणि त्याच्या पालथ्या हातावर ठेवलं. रबराच्या खाचेत चांगलं बोटभर दही लागलेलं होतं. म्हणाले, "इरजण तुमीच लावताय रोज. टाकीनं काय करावं?" तो पुढं दरवर्षी दिवाळीला खवा पाठवायचा.

अशात एक दिवस मीनाक्षी मॅडम आल्या. त्या दक्षिणेकडच्या, मराठी मोडकं. गाडीतून उतरल्या त्या मालकाच्या खोलीत गेल्याच नाहीत. सरळ तयार टाकीपाशी आल्या, पांढरं फडकं आत फिरवलं आणि फडकं उजेडात धरलं.

"कोण पुसला हे?"

"मी."

"चांगला आहे. पण आम्हाला पुरणार नाही."

वीस वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं. मी विचारलं, "तुमचं दूध लईच नाजूक दिसतंय."

तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. इथून रेल्वेनं दीड दिवसाच्या वाटेवर एक मोठं यंत्र बांधत होते. जमिनीखाली गोल बोगदा, इतका लांब की चालत फेरी मारायची तर तास लागावा. बोगद्यात नळ्या आणि टाक्या एकापुढं एक जोडायच्या. त्यांच्यातून अणूच्या आतले कण पळवायचे. मधे मधे मोठे लोहचुंबक बसवायचे, म्हणजे कण वळणावर वळतात. दर फेरीला धक्का देऊन वेग वाढवत न्यायचा. शेवटी ते कशावर तरी आपटायचे आणि काय फुटून निघतं ते बघायचं.

"कशापाय?"

"जग कशाचा बनला आहे, ते कळायला."

"म्हणजे आजून कळलंच न्हाय?"

"थोडा कळला," मॅडम म्हणाल्या.

हे उत्तर मला आवडलं. शिकलेली माणसं सहसा सगळं कळल्यासारखी बोलतात.

तर त्या नळ्यांतून पळणाऱ्या कणांना हवासुद्धा आडवी येते. म्हणून आतली हवा पंपानं ओढून काढायची, अगदी नाहीच म्हणावी इतकी. आणि आत कुठं तेलाचं बोट लागलेलं असलं तर ते बोट महिनोन्‌महिने वाफ सोडत राहतं. पंप ओढतोय, बोट सोडतंय. म्हणून पुसायचं कसं, तर स्पिरिटात बुडवलेलं फडकं, एकाच दिशेला एकदाच फिरवायचं, घडी बदलायची. परत तीच घडी लावायची नाही. आमची सगळी घासायची रीत मोडली. डोक्याला तेल नाही, काजळ नाही, कुंकू नाही. अंगात पांढरा डगला, डोक्याला टोपी, पायात मोजे, हातात रबरी मोजे. बांगड्या काढायच्या म्हटल्यावर बाया काम सोडून निघाल्या. मी विधवा, मला काढायला काही नव्हतंच, त्यामुळं मला बोलायची सोय नव्हती. शेवटी रुक्मिणीनं तोडगा काढला. ती तेव्हा नवीनच लागली होती, पंचवीस वर्षांची, दहावी पास, लोहारा गावची सून. नवरा बालाजी लोहारा-नळदुर्ग जीप चालवायचा, पदरात तीन वर्षांची मुलगी. ती मॅडमना म्हणाली, "मॅडम, बांगड्या वर सारून मोजा चढवला आन्‌ वरनं चिकटपट्टी गुंडाळली तर?" मॅडमनी तिचं मनगट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे मी लिहून घेते." बाया परत आल्या.

पुसून झालं की झाकण लावून पंप सुरू करायचा. कधी दोन दिवस, कधी चार. काटा खाली उतरला की टाकी पास. तीन नंबरच्या टाकीचा काटा नऊ दिवस अडून बसला. मॅडम स्वतः आल्या, जांभळ्या उजेडाचा दिवा घेऊन. त्या उजेडात तेलकट डाग चमकतो. तोंडापासून वीतभर आत बोटाचा ठसा सापडला, चांगला जाड. आम्हा सहा बायांपैकी कुणाचंही बोट त्या ठशात मावून वर जागा उरली असती. आमदारांच्या पाहुण्यांना टाकी दाखवताना मालकांनी आत हात घालून "बघा कशी गुळगुळीत" केलं होतं. मालक चार दिवस कारखान्यात फिरकले नाहीत.

मोजायची रीत माझी. एका उन्हाळ्यात एक बाई आत गारव्याला झोपली आणि आम्ही बाहेर तासभर बसून राहिलो, किती मन लावून काम करतीये म्हणून. तेव्हापासून मी नियम केला. आत गेलेलीनं दर पुसण्याला आकडा म्हणायचा. झोप लागू नये एवढाच हेतू होता.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली, ती आर्गॉनची. हा एक गॅस आहे, सिलिंडरमध्ये येतो. स्टीलचा जोड वेल्ड करताना आतून हवा लागली तर जोडाची मागची बाजू काळी पडते. म्हणून टाकीत आर्गॉन भरून वेल्डिंग करायचं. विषारी नाही. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्याला झोंबत नाही. फक्त हवेपेक्षा जड असतो, म्हणून पाणी साचावं तसा टाकीच्या तळाला साचून राहतो आणि तिथं श्वासाला हवा उरत नाही. म्हणून वेल्डिंगनंतर टाकीत ब्लोअरचा पाइप टाकून अर्धा तास वारा घालायचा, मगच बाई आत सोडायची. हा नियम आमचे वेल्डर युसूफभाई यांचा. ते कारखान्यात आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी तो मला सांगितला होता आणि मी तो सात वर्षं पाळला होता.

त्या खंडेनवमीला युसूफभाईंनी सकाळी सातला येऊन सात नंबरच्या टाकीचा शेवटचा जोड मारला. मग पूजा झाली. आमच्याकडं खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. पाने, हातोडे, ग्राइंडर, ब्लोअर, सगळं धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून मांडलं. युसूफभाई त्यांच्या वेल्डिंगच्या टॉर्चवर स्वतः फूल ठेवायचे आणि म्हणायचे, "फूल मेरा, नारियल आपा का." आपा म्हणजे मी. नारळ फुटला, प्रसाद वाटला. आता सगळे घरी जाणार होते. तेवढ्यात मालकांना मॅडमचा फोन आला की त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तपासायला येतात. आत शेवटचा जोड पुसायचा बाकी होता.

रुक्मिण म्हणाली, "आक्का, घटकाभराचं काम हाय, म्या जाते." मग तिनंच विचारलं, "ब्लोअर?"

ब्लोअर पूजेत होता, गळ्यात माळ घालून. मी म्हणाले, "पूजेतलं हालवायचं न्हाय. सकाळधरनं तोंड उघडं हाय की टाकीचं. गेला आसंल गॅस."

तिनं एकदा ब्लोअरकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. माझ्या शब्दापुढं बोलायची तिची पद्धत नव्हती. फळी ओढली आणि पालथी पडली. फळीला आम्ही हत्यार मानत नव्हतो, त्यामुळं ती पूजेत नव्हती.

मोजत मोजत ती आत गेली. नाक तळापासून वीतभर अंतरावर.

एकतीस.

फळी एकटी बाहेर आल्यावर दोन बाया टाकीकडं धावल्या. एकीनं तर डोकं आत घातलंही. मी तिला डगल्याला धरून मागं आपटलं. जमिनीतल्या पेवात धान्य काढायला उतरलेला माणूस आतल्या कोंडलेल्या हवेनं पडला की भाऊ त्याला काढायला उतरतो आणि दोघं तिथंच राहतात, हे मी लहानपणी आमच्या गावात पाहिलं होतं. त्या पेवाच्या तोंडाशी बसलेल्या त्यांच्या आईला पण पाहिलं होतं.

"युसूफभाई!" मी ओरडले. "कंप्रेसर! हवेचा पाइप!"

ते सायकल काढत होते. सायकल टाकून आले. कंप्रेसरच्या गळ्यातली माळ त्यांनी हिसडून तोडली आणि हवेचा पाइप टाकीत सोडला. त्यांचा देह टाकीत मावणारा नव्हता. आत जाऊ शकेल अशी मीच होते, किंवा त्या दोघी पोरी, आणि त्यांना मी सोडणार नव्हते.

मी दोरी कमरेला बांधली. दुसरी दोरी फास करून हातात घेतली. पाइप दुसऱ्या हातात. लहानपणी विहिरीत पडलेल्या घागरी मी काढायची. तळाशी काही दिसत नाही, दम धरून हातानं चाचपायचं, घागरीच्या गळ्याला फास घालायचा आणि वर यायचं. तेवढा एक दम मला ठाऊक होता. पण तेव्हा मी दहा-बारा वर्षांची होते आणि आता एकोणसाठ.

"आपा, तुम नक्को," युसूफभाई म्हणाले.

"चाळीस मोजा आन्‌ वढा. म्या आतनं न्हाय म्हणलं तरी वढा."

छातीभर हवा घेतली आणि सरकले. आत स्पिरिटचा वास होता. पाइपाचा वारा तोंडावर येत होता तरी मी श्वास घेतला नाही. तिच्या टाचा हाताला लागल्या. मोजे ओले, निसटत होते. एका पायात फास गेला, दुसऱ्यात जाईना. कानात ठोके पडायला लागले. मला वाटलं, एकाच पायाला ओढू. मग वाटलं, एक पाय ओढला तर दुसरा अडकेल. बोटं खाली घालून दुसरा पाय उचलला, फास ओढला. तेवढ्यात माझी दोरी ताणली गेली आणि युसूफभाईंनी मला फरफटत मागं काढलं. चाळीस झाले होते. बाहेर येताच मी श्वास घेतला तो असा की दोन बायांना वाटलं मी रडतेय.

मग चौघांनी दुसरी दोरी ओढली. रुक्मिण पाय पुढं करून बाहेर आली. हनुवटी जोडावर घासून फाटली होती. ओठ जांभळे. छाती हलत नव्हती.

युसूफभाईंनी नाकापाशी हात धरला. "आपा, सांस नही."

आमच्या घरी मेंढीचं कोकरू कधी कधी असंच निपचित बाहेर यायचं. माझी आई त्याचं तोंड पुसायची, मिटून धरायची आणि नाकात फुंकायची. मला दुसरं काही येत नव्हतं. मी रुक्मिणीचं तोंड मिटून धरलं आणि तिच्या नाकात फुंकलं. छाती वर आली. सोडली, खाली गेली. परत फुंकलं. किती वेळा ते मला सांगता येणार नाही. कुणी मोजत नव्हतं. मग ती उचकी दिल्यासारखी झाली, माझ्या डगल्यावर ओकली आणि श्वास घ्यायला लागली. डोळे उघडले नाहीत.

मालकांच्या गाडीतून सोलापूरला नेलं. मागच्या सीटवर तिचं डोकं माझ्या मांडीवर. युसूफभाई पुढं बसून सगळा रस्ता काहीतरी पुटपुटत होते. मी त्यांना म्हणाले, "मोठ्यानं म्हणा की, मलाबी ऐकू द्या."

दवाखान्यात बालाजी आला. जीप भर रस्त्यात उभी करून आला होता, चावी हातातच. मालक त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "नऊ दिवसांचा उपास, बघा. चक्कर आली पोरीला."

रुक्मिणीनं नवरात्राचे उपास धरले होते, हे खरं होतं. बालाजीनं मान हलवली. त्याला पटलं होतं. आम्हा सगळ्यांनाच ते सोयीचं होतं. मी उठून त्याच्यापुढं गेले.

"उपासानं न्हाय. ब्लोअर लावायला पायजे हुता. तिनं इचारलं हुतं. म्याच नगं म्हणलं."

बालाजी माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "आक्का, तुमी आत्ता माझ्यासमोर थांबू नगा." मी बाहेर जाऊन जिन्यावर बसले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या, त्यांनाही मी हेच सांगितलं. मालक मागं उभे राहून खाकरत होते. कंत्राट जाणार असं सगळ्यांनाच वाटत होतं. मॅडमनी वाकून त्या टाकीच्या तोंडातून आत पाहिलं. मग म्हणाल्या, "आक्का, हा नियम कागदावर कुठे होता?"

"कागदावर न्हवता. माझ्या डोक्यात हुता."

"तर चूक माझा पण आहे," त्या म्हणाल्या आणि तिथंच उभ्यानं लिहायला लागल्या. आठवड्यात हवा मोजायचं यंत्र आलं, तळहाताएवढं. आत सोडायचं, हवा कमी असली तर कोकलतं. त्याच्याशिवाय कुणी टाकीत जायचं नाही असा कागद भिंतीला लागला. आणि आमच्याकडं आता खंडेनवमीला ब्लोअरची पूजा तो चालू असतानाच करतात. हळदकुंकू उडतं सगळीकडं. उडू दे.

रुक्मिण दसऱ्याच्या दुपारी जागी झाली. नवऱ्याला ओळखलं, मुलीला ओळखलं. पण चमच्याला काय म्हणतात ते येईना. डावा हात कापायचा. डॉक्टर म्हणाले, दहापर्यंत आकडे म्हणा. ती म्हणाली, "एक, दोन, तीन, पाच." थांबली. परत म्हणाली, "एक, दोन, तीन." मग माझ्याकडं बघून हसली, पोर हसावं तशी. डॉक्टर म्हणाले, सुधारेल किंवा एवढ्यावरच थांबेल, आत्ता सांगता येत नाही.

ती घरी गेल्यावर मी दर आइतवारी लोहाऱ्याला जायला लागले. पहिल्या दोन वेळा बालाजी मला बघून जीप काढून निघून गेला. तिसऱ्या वेळी स्टँडवर मला बघून थांबला आणि पुढचं दार उघडलं. बोलला काही नाही.

मी चौथी शिकलेली, दहावी झालेल्या पोरीला आकडे शिकवायला बसले. तुरीच्या शेंगा सोलायच्या, दाणे मोजायचे. तिची मुलगी पण शेजारी बसायची. आईच्या आधी तिला वीसपर्यंत यायला लागलं.

"आई, बारा झाल्यावर तेरा!" ती ओरडायची.

"कळतंय गं मला, लई शानी!" रुक्मिण म्हणायची आणि चौदा म्हणायची.

आणि दर आइतवारी ती मला विचारायची, "आक्का, म्या पडले कशी?"

पहिल्यांदा मी सगळं सांगितलं. ब्लोअर, पूजा, तू विचारलंस, मी नको म्हणाले. तिच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणाली, "तुमी नगं म्हणला व्हय?" मी म्हणाले, "व्हय." वाटलं, सांगून झालं एकदाचं.

पुढच्या आइतवारी तिनं परत विचारलं. तिला आठवतच नव्हतं. मी परत सगळं सांगितलं, तिचं तोंड परत तसंच झालं. तिसऱ्यांदा तेच. खरं सांगते, तिसऱ्यांदा माझ्या मनात आलं की उपास म्हणून टाकावं. तिला कळणार नव्हतं. कुणालाच कळणार नव्हतं. मी दाणे खाली ठेवले आणि पहिल्यापासून सांगितलं.

असे पाच आइतवार गेले. सहाव्या आइतवारी तिनं विचारलं, "आक्का, म्या पडले कशी?" मी सुरू केलं, "खंडेनवमी हुती. ब्लोअर पूजेत हुता..."

तिनं हात वर केला. "तुमी नगं म्हणलाव. ते मागल्या आइतवारीच सांगितलं की. कितींदा सांगताल?"

मी उठून त्यांच्या घरामागं शेळी बांधलेली होती, तिच्याकडं गेले. शेळीला चारा होता, तरी घातला. परत आले तेव्हा रुक्मिणीनं माझ्या वाटचे दाणे पण सोलून ठेवले होते. म्हणाली, "एकवीस हायती. मोजून बघा." मी मोजले. एकवीसच होते.

संक्रांतीनंतर ती कामावर आली. मला म्हणाली, "म्या आत जाणार न्हाय." मी म्हणाले, "जाऊ नगंस." हात अजून थोडा कापायचा. तिला टाकीच्या तोंडाशी बसवली, दोरी आणि ते कोकलणारं यंत्र देऊन. आत मी जायला लागले. जरा कुठं माझा आवाज बारीक झाला की ती बाहेरून ओरडायची, "आक्का, ऐकू येईना! मोठ्यानं!" मालकांना सुद्धा ती यंत्र दाखवल्याशिवाय टाकीपाशी येऊ देत नव्हती. पुढं तिनं सगळ्या नियमांची वही केली.

सात नंबरची टाकी आम्ही तीनदा पुसली. काटा उतरला. टाकी गेली.

दोन वर्षांनी जोडणीसाठी मॅडमनी आम्हाला तिकडं बोलावलं. युसूफभाई, मी आणि रुक्मिण. बालाजी स्टेशनवर सोडायला आला आणि जीपमधली घोंगडी माझ्या हातात दिली. "तिकडं बोगद्यात गारठा आसंल," म्हणाला. दवाखान्यानंतर तो माझ्याशी बोलला तो असा, दोन वर्षांनी.

बोगद्यात आम्ही सहा आठवडे होतो. टाक्या जोडल्या, जोडाची तोंडं परत पुसली, पंप लागले. मग एक दिवस कण सोडायला सुरुवात झाली. आम्ही वरच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. आत पंधरावीस शिकलेली माणसं पडद्याकडं बघत. पहिल्या दिवशी कण पाचव्या टाकीपर्यंत गेले आणि पुढं हरवले. दुसऱ्या दिवशी तेच. पाचवीच्या पुढं सहावी आणि मग आमची सातवी. कुणीतरी विचारलंच, "त्या सातव्या टाकीचा काहीतरी इतिहास आहे ना?" रुक्मिण माझ्याशेजारी ताठ बसली होती. म्हणाली, "पुसलंय आपण. तीनदा. म्या बाहेर बसून मोजलंय."

तिसऱ्या दिवशी सापडलं. पाचव्या टाकीपुढच्या एका लोहचुंबकाच्या तारा उलट्या जोडल्या होत्या, त्यामुळं कण वळायच्या उलट दिशेला फेकले जात होते. जोडणारा माणूस डॉक्टरेट झालेला होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तारा बदलल्या. दुपारी आत एकदम गलका झाला. मॅडम बाहेर आल्या आणि आम्हाला हाताला धरून आत नेलं. पडद्यावर मोहरीएवढा पांढरा ठिपका होता.

"झालं?" मी विचारलं.

"झाला, आक्का. एक पूर्ण फेरी."

"एवढासाच?"

"एवढासाच असतो."

रुक्मिणीनं विचारलं, "आमच्या टाकीतनं गेला का?" मॅडमनी नकाशावर बोट ठेवलं, सातवी टाकी, इथून. मग त्या रडायलाच लागल्या. डोळे पुसायला हाताशी काही नव्हतं, तर डगल्याच्या खिशातलं पुसायचं फडकं काढलं. मी म्हणाले, "मॅडम, ते टाकीचं कोरं फडकं हाय. वाया घालवलंत." त्या रडता रडता हसल्या. युसूफभाई तिकडं तोंड करून चष्मा पुसत होते.

ते यंत्र आता चालतं. त्यातून काय निघालं ते मॅडम कधी कधी फोनवर सांगतात, मला अर्धं कळतं. मी काम सोडलं, गुडघ्यांमुळं. माझ्या जागी रुक्मिण बघते. तिचा डावा हात थंडीत अजून कापतो. चमच्याला एखाद्या वेळी "ते" म्हणते.

त्या खंडेनवमीला सात नंबरच्या टाकीत आम्ही दोघी गेलो होतो. रुक्मिण आज चौतीस वर्षांची आहे, मी अडुसष्ट. दोघी जिवंत आहोत.